आतून कडी लागणारी खोली

मार्च लागला की मला भिजवलेल्या पेंडीचा वास यायला लागतो. घरात गाय नाही, म्हैस नाही. बीडमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते मी, खाली चपलांचं दुकान आणि वर पाण्याची टाकी. तरी वास येतो. नवरा म्हणतो, एकदा नाक दाखवून ये डॉक्टरला. मी म्हणते, नाकात काही नाही, ते डोक्यात आहे, आणि डोक्याचंच तर शिकवते मी. मग तो पेपर वर करतो.

यंदा टँकर पुन्हा सुरू झालेत. पाइप टाकीत सोडला की खालच्या गल्लीत भांडण, आणि त्यातच आमच्या कॉलेजात प्रात्यक्षिकाच्या परीक्षा. दोन खुर्च्या, जरा तिरप्या ठेवलेल्या, गुडघ्याला गुडघा लागणार नाही अशा. एका खुर्चीत समुपदेशक झालेली मुलगी, दुसरीत अडचण घेऊन आलेली मुलगी. अडचण घरून पाठ करून आणलेली असते आणि ती नेहमी परीक्षेच्या भीतीचीच असते. पुण्याहून आलेले परीक्षक घाम पुसत विचारतात, "गोपनीयता म्हणजे काय?" मुलगी एका दमात सांगून मोकळी होते: समोरच्याने विश्वासाने सांगितलेलं, त्याच्या संमतीशिवाय, कुठेही, कोणालाही न सांगणं. परीक्षक "छान" म्हणतात. मी मान डोलावते. पंखा बंद असतो, खिडकीतून झळ येते, आणि माझं चित्त केव्हाच पाली गावाच्या पुढे त्या चारा छावणीत जाऊन बसलेलं असतं.

ते दुष्काळाचं वर्ष काय होतं, ते ज्यांनी काढलं त्यांनाच ठाऊक. धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांत पोरं हरवलेला चेंडू शोधायची. आकाश सकाळी सातलाच पांढरं व्हायचं. लग्नं पुढे ढकलली गेली, तेव्हाच्या आमच्या कॉलेजचं मुलींचं वसतिगृह पाण्यावाचून बंद झालं. जिकडे बघावं तिकडे कुलूप. धडधाकट माणसं उसाला गेलेली, आणि मागे राहिलेल्या बाया-म्हाताऱ्यांना जनावरं घेऊन छावणीत यावं लागलेलं.

छावणी दूध संघाची होती. संघाचे चेअरमन आण्णा. आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्षही तेच. पांढरे कपडे, आवाज कधी चढलेला नाही. पण त्यांच्यासमोर उभा राहणारा माणूस उगीच आपल्या शर्टाची घडी सारखी करायचा. मी तेव्हा तासांवर शिकवायचे. मेमध्ये बेकार, जूनमध्ये पुन्हा मॅडम. जूनमध्ये मॅडम व्हायचं की नाही, हेही आण्णांच्याच हातात. आमच्याकडे एकेका माणसाच्या खिशात किती किल्ल्या असाव्यात, याला काही धरबंधच नाही.

छावणीत दावणीच दावणी. वर जुन्या साड्यांची आणि हिरव्या जाळीची सावली. सकाळी मोजदाद व्हायची. मोजणारा येईल तेव्हा घरचं कोणीतरी आपल्या जनावरांशेजारी उभं असायला हवं. नसेल तर नाव कमी. जनावर दाव्याला आणि माणूस जनावराला, अशी तिथली रीत. बाया सांगायच्या, सख्ख्या बहिणीच्या दहाव्याला जाता आलं नाही. सांगताना रडायच्याही नाहीत, नुसत्या शेणात बोट फिरवत बसायच्या. ते बघून मला वाटलं, आपली मुलं इथं आणू. समुपदेशनाचा सराव वर्गात एकमेकींची खोटी दुःखं ऐकून काय व्हायचा? इथं ऐकू देत खरं.

आण्णांकडे गेले. ते म्हणाले, "आणा की पोरं. बसा झाडाखाली, मोकळी हवा हाय."

"झाडाखाली नाही चालत आण्णा. खोली लागते. दार लागणारी."

"दार लावून बोलण्यासारखं काय असतं बायकांपाशी?" ते हसले. मी हसले नाही. हट्टाला पेटले. शेवटी त्यांनी दूध संकलन केंद्राच्या खोलीची किल्ली दिली. दूधच नव्हतं, त्यामुळे केंद्र बंदच होतं. विटांच्या भिंती, वर पत्रे, आत आंबूस वास. पण दाराला आतून कडी होती. अगं बाई, काय आनंद झाला होता मला त्या कडीचा! मुलांना घेऊन गेले, कडी लावून दाखवली, काढून दाखवली. म्हटलं, हे आपल्या कामाचं मूळ. इथलं इथंच राहणार. दुसरं, उपाय सांगायचा नाही. माणूस स्वतःचा उपाय स्वतः शोधतो, आपण फक्त त्याच्याबरोबर थांबायचं. बोललेलं नीट ऐकायचं आणि त्यामागची भावना त्याला परत सांगायची. मुलांनी माना डोलावल्या.

त्यात सुवर्णा सगळ्यात हुशार. नेकनूरची. वसतिगृह बंद झाल्यावर रोज एस्टीनं यायची. तिच्या वाटेवर पाली आधी लागतं, म्हणून छावणीच्या दिवशी ती थेट तिथंच उतरायची, आणि म्हणून खोलीची किल्ली तिच्याकडे. दोन वेण्या, घट्ट मिटलेलं तोंड. शिकवलेलं एक अक्षर खाली पडू द्यायची नाही.

तिच्या वाट्याला आल्या गयाबाई. दोन बैल, एक गाय. नवरा, मुलगा, सून कर्नाटकात ऊस तोडायला. पहिल्या दिवशी खोलीत आल्या, खुर्ची सोडून खाली बसल्या, भिंतीवर हात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "दार आतून लागतंय का गं?"

सुवर्णा खूष. "लागतं मावशी. इथलं काही बाहेर जाणार नाही."

"वारं येतंय का राच्चं?"

"हो, वर झरोका आहे."

"आन् पान्याची टाकी लांब हाय का हितून?"

आठवड्याच्या चर्चेच्या तासाला सुवर्णानं हे आम्हाला सांगितलं. नाव न घेता, "एक बाई" म्हणून. म्हणाली, "पहिल्या भेटीत त्या मुद्द्यावर येत नव्हत्या मॅडम, इकडचं तिकडचं बोलत होत्या." मी म्हटलं, बरोबर, विश्वास बसायला वेळ लागतो. वाट बघ.

वाट बघितली. पुढच्या वेळी गयाबाई मुद्द्यावर आल्या. लेक लता, गेवराईकडे दिलेली. पहिलटकरीण, आठवा सरत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा रिवाज; सासरचे रोज विचारतात, न्यायला कधी येतेत तुझे माहेरचे? आणि माहेराला कुलूप. विहीर कोरडी, गावात चार म्हातारी माणसं. गयाबाई इकडे गायीपाशी. लेकीकडे जावं तर मोजदादीला कोण उभं राहणार? लेकीला आणावं तर कुठं?

"तुम्हाला असं वाटतंय, की लेकीला आणायला जागा नाही," सुवर्णा म्हणाली, शिकवल्याप्रमाणे.

"वाटतंय कावून? न्हाईच की जागा!"

"तुम्ही खूप अडकल्यासारख्या झालात."

"झालेच की बाई." आणि पुन्हा भिंतीकडे बघितलं.

असे तीन-चार आठवडे गेले. शेजारच्या दावणीच्या म्हातारीला गयाबाई सांगायच्या, ते नंतर माझ्या कानावर आलं: "पोरगी लई गुणाची हाय, पर मी म्हनते तेच परत मला म्हनती." आणि आमच्या तासाला सुवर्णा मान ताठ करून सांगायची, "मॅडम, मी बाहेर एक शब्द काढला नाही. उपायसुद्धा सुचवला नाही." मी म्हणायचे, "शाब्बास."

मध्येच आण्णांचं बोलावणं आलं. संघाच्या ऑफिसात कूलर होता आणि त्यात पाणीही होतं. चहा मागवला. "काय बोलतेत बायका छावणीत? चाऱ्याच्या मापाबद्दल काही म्हनतेत का?"

म्हणत होत्या. सगळ्याच म्हणत होत्या. चारा कमी घालतात, तोंड बघून घालतात. त्यातल्या एकीचं जरी नाव बाहेर गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिची जनावरं रस्त्यावर.

"ते सांगता येत नाही आण्णा."

"नाव नका सांगू. विषय सांगा."

"विषयसुद्धा नाही."

त्यांनी बशीत चहा ओतला, प्यायले, बशी खाली ठेवली. "बाई, खोली आमची, छावणी आमची, कॉलेज आमचं. आन् ऐकनार फक्त तुमी?"

मी चहा तसाच ठेवून उठले. एस्टीत बसल्यावर मे महिना डोळ्यांपुढे आला आणि त्यामागून जून. पण खोटं कशाला बोलू, त्या भीतीच्या बुडाशी एक ताठाही होता. नियम पाळला होता मी, आण्णांच्या तोंडावर.

दुसऱ्याच दिवशी छावणीतल्या टाकीपाशी गयाबाईंनी मला गाठलं. कमरेवर घागर, पदर डोळ्यांवर ओढलेला.

"बाई, आण्णांकडं गेलतात म्हनं. काय म्हनले आण्णा?"

मला वाटलं, घाबरलीय बिचारी. मी तिच्या हातावर हात ठेवला. "काही काळजी करू नका मावशी. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. सुवर्णानं पण नाही. एक शब्द नाही."

गयाबाईंचा चेहरा असा उतरला की मला आजही समोर दिसतो.

"न्हाई सांगितलं?" त्या म्हणाल्या. "आन् मग मी म्हैनाभर बोलले कुनाशी?"

घागर खाली ठेवून त्या तिथंच बसल्या. मग हळूहळू सगळं उलगडलं. गयाबाईंचा उपाय पहिल्या मिनिटालाच सापडला होता: ती खोली. भिंत पाहिली, कडी पाहिली, वारा विचारला, पाणी विचारलं. लेकीला तिथं आणायचं, डोळ्यासमोर बाळंतपण होईल, गायही सुटणार नाही. किल्ली पोरीकडे, पोर बाईंची, बाई आण्णांच्या कॉलेजातल्या. म्हणजे पोरीच्या कानावर घातलं की बरोबर आण्णांपर्यंत जाईल. त्या निरोप देत होत्या आणि आम्ही भावना ऐकत होतो.

कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा बाकी राहिला. कारण मी काही परमुलखातून आलेली नव्हते. आमच्या घरात कोणी कोणाला थेट काही मागितलंय कधी? मला पुढे शिकायचं होतं, ते मी आत्याला सांगितलं. आत्यानं वडिलांना सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, हवापाण्याचं बोलावं तसं. वडील नाही म्हणाले असते तर ते आत्याला म्हणाले असते, मला नव्हे. मला त्यांच्याच पंक्तीला बसून उद्याचं जेवण जेवता आलं असतं. आमच्याकडे सांगणं म्हणजे पाठवणं. इतकं साधं मला ठाऊक होतं, आणि तरी वर्गात पाय ठेवताना मी ते चपलांसारखं बाहेर काढून ठेवलं होतं. राग आला. पुस्तकाचा आला, त्या आंबूस खोलीचा आला, गयाबाईंचासुद्धा आला. आडून कशाला बोलायचं इतकं?

"तुम्हीच का नाही विचारलंत आण्णांना?"

"आन् न्हाई म्हनले तर? मालकानं मागल्या विलेक्शनला दुसऱ्या पॅनलचं काम केलंय. तोंडावर न्हाई म्हनल्यावर मग हितं ऱ्हायाचं कसं?"

"मग आता सांगू मी?"

"सांगा की. पर मी म्हनले म्हनून सांगू नका."

"अहो मावशी, छावणीतल्या बायांत दिवस भरत आलेली लेक एकट्या तुमचीच आहे! नाव घेतलं काय न् नाही काय!"

"ते मला काय कळतंय? तुमी शिकलेल्या."

झालं! नियमाचं हे टोक धरा नाहीतर ते. संमती आहे, पण नाव लपवायचंय, आणि नाव लपण्यासारखं नाही. त्यातून कालच मी आण्णांना विषयसुद्धा सांगायला नकार देऊन आलेले. आज एकीचं सांगितलं तर ते म्हणणार, एक सांगितलं ना, आता चाऱ्याचंही सांगा. आणि न सांगावं तर दिवस थांबत नव्हते. त्या रात्री अंग तापून निघालं माझं. गच्चीवर पडले, वारा नाही, कुठे हलायला वाव नाही. लताचे उरलेले दिवस मोजत पडून राहिले.

चर्चेच्या तासाला सगळं मुलांपुढे ठेवलं. कोणी म्हणालं नियम मोडू, कोणी म्हणालं खोली आण्णांना परत देऊ. देऊन ती गयाबाईंना थोडीच मिळणार होती? सुवर्णा एका कोपऱ्यात, तोंड मिटलेलं. महिनाभर तिनं जीव लावून नियम पाळला होता आणि त्या नियमानंच बाईचा महिना गेला होता. मला तिची दया आली.

मग तीच म्हणाली, "मॅडम, किल्ली आण्णांनी कोणाला दिली?"

"मला."

"आणि तुम्ही मला. मग ती मी आणखी कोणाला दिली, तर त्यात मी कोणाचं काही सांगितलं का?"

मी म्हटलं, "सुवर्णा, याच्यापुढचं मला काही सांगू नकोस."

तिनं नाहीच सांगितलं. गेवराईला लेकीला आणायला माहेरचं माणूस म्हणून तीच गेली, हे मला नंतर कळलं. ज्याचं ऐकायचं त्याच्याशी दुसरं नातं जोडायचं नाही, हाही आमचा नियम. तोही गेला म्हणायचा. लता आली ती नेमकी सकाळच्या मोजदादीला. मी तिथंच होते. भाड्याच्या टेम्पोतून उतरली, पोटावर हात, डोक्यावर ओढणी, पायात नवऱ्याच्या चपला. सुवर्णानं तिचं गाठोडं घेतलेलं. गयाबाई बैलांशेजारी उभ्या. मोजणारा तीन दावणी अलीकडे, आणि त्याला कसली घाई नव्हती. दहा पावलांवर लेक, आणि आईला हलता येईना. कासरा हातात गच्च धरून तिथूनच ओरडल्या, "पाय बघून टाक गं, खुंट्या हायेत!" एवढंच. तेवढ्यानं माझे डोळे भरून आले. लता खुंट्या चुकवत, शेण चुकवत चालत आली आणि बैलाच्या आडोशाला आईच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. मोजणाऱ्यानं बैल मोजले, गाय मोजली आणि पुढे गेला.

मग छावणीनं जे केलं ते कोणी कोणाला सांगून केलं नाही. एकीनं बाज आणली, एकीनं तूप, कोणी गोवऱ्या. आम्ही मुकाट्यानं झाडाखाली बसायला लागलो. पुढच्याच पंधरवड्यात पाटोद्याच्या एका म्हाताऱ्या सुईणीनं आणि आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी मिळून मोकळं केलं लताला. मुलगी झाली. पत्र्याखाली भट्टीसारखं तापलेलं, पण आत ओव्याची धुरी, आणि त्या आंबूस वासाचा मागमूस उरला नाही.

आण्णा आले ते तिसऱ्या दिवशी. वाळत घातलेली फडकी बघितली आणि थबकले. "हे काय?"

"बाळंतीण आहे आण्णा," मी म्हटलं.

"कुनी दिली खोली?"

सुवर्णा उठायला लागली. मी तिच्या आधी बोलले. "किल्ली माझ्याकडे होती."

"मागितली कुनी?"

"ते नाही सांगता यायचं."

गयाबाई गायीला पाणी दाखवत होत्या, पाठमोऱ्या. पाठ दगडासारखी. आण्णांनी त्या पाठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. उंबऱ्याच्या आत पुरुषाला जाता येत नव्हतं, आणि ओल्या बाळंतिणीला उठवणारा चेअरमन पुढच्या विलेक्शनला निवडून येत नसतो. कोणी त्यांना मागितलं नव्हतं, म्हणून त्यांना नाही म्हणता येईना. त्यांनाही कुठं जायला वाट ठेवली नव्हती आम्ही.

"म्हंजे सव्वा म्हैना गेला," ते म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले. जाताना काच खाली करून मला म्हणाले, "हुशार हाय तुमी बाई." त्या आवाजातच मला माझा जून कळला. आणि तसंच झालं. जून आला, कॉलेज उघडलं, निरोप आला नाही. पुढे दुसऱ्या संस्थेत लागले. तेही दोन वर्षं घरात बसून, नवऱ्याच्या तोंडाकडे बघून. वाईट वाटलं का? वाटलं. आजही वाटतं. आण्णा वाईट होते असं म्हणायला जीभ रेटत नाही, छावणी त्यांनीच चालवली. पण माझा जून त्यांनी नेला तो नेलाच.

पण सांगायचं होतं ते हे नव्हे.

सव्वा महिना भरायच्या आतलीच गोष्ट. सराव संपत आला होता. गयाबाईंचं काम झालं होतं, त्यांना आता आमच्या पोरीशी बोलायचं काही कारण नव्हतं. तरी त्या दिवशी त्या आपल्या पायांनी बाभळीखाली आल्या आणि सुवर्णासमोर बसल्या. गाय बरोबर आणली होती, कासरा मनगटाला गुंडाळलेला. खोलीकडे, लेकीकडे पाठ करून बसल्या. मी लांब होते, ऐकू काही येत नव्हतं. एवढंच दिसलं की गयाबाई बोलताहेत, थांबताहेत, पुन्हा बोलताहेत. आणि सुवर्णा त्यांचं वाक्य त्यांना परत करत नाहीये. नुसती बसलीय. गायीनं मान झटकली की कासरा ताणायचा आणि गयाबाईंचा हात तिच्याबरोबर उचलला जायचा. त्या बोलायच्या थांबत नव्हत्या. उन्हं कलली तेव्हा त्यांनी पदरानं तोंड खसाखसा पुसलं आणि गाय घेऊन दावणीकडे गेल्या.

शेवटच्या चर्चेच्या तासाला प्रत्येकानं आपल्याकडचं बोलणं मांडायचं होतं. शिकणाऱ्यानं शिकवणाऱ्यापाशी मांडायलाच हवं, यात सूट नसते. सुवर्णाची पाळी आली. ती उभी राहिली.

"मॅडम, मी नाही मांडणार."

"का गं?"

"या वेळी त्या म्हणाल्या, कुणाला सांगू नगं."

मी तिच्याकडे बघत राहिले. मग म्हटलं, "बरं, बस," आणि पुढच्या मुलाला बोलायला सांगितलं.